गाढव : नावाचे ओझे

माणसाला जनावराचे नाव देणे ही आपल्या बोलण्यातली रोजचीच गोष्ट. शूराला वाघ म्हणतात, राबणाऱ्याला बैल, लबाडाला कोल्हा. पण यातले कुठलेच नाव गाढवाइतके तोंडात बसलेले नाही. वर्गात मास्तर ते वापरतात, घरात बाप वापरतो, कचेरीत साहेब वापरतो. छत्री विसरून घरी पोहोचलेला माणूस ते स्वतःलाच लावून मोकळा होतो. रागात जितके चालते तितकेच ते लाडातही चालते. आई पोराला ‘गधड्या’ म्हणते तेव्हा बहुधा तिचा हात त्याच्या पाठीवरून फिरत असतो.

इतका घरगुती झालेला हा शब्द एके काळी राजाज्ञेच्या शेवटी दगडावर कोरला जात असे, आणि तो ऐकून माणसाने हबकून जावे अशी कोरणाऱ्याची अपेक्षा असे. दगडावरच्या त्या शापापासून आजच्या लाडाच्या शिवीपर्यंत गाढवाचे नाव कसे आले, कुठे कुठे थांबले आणि वाटेत कोणकोणते अर्थ अंगावर घेत आले, हे या पुस्तकात सांगितले आहे. तपशील पुढच्या प्रकरणांत येतीलच. इथे त्या वाटेची ओळख करून द्यायची आहे, आणि माझे म्हणणेही आधीच मांडून ठेवायचे आहे. गाढवाच्या नावाला चिकटलेला कमीपणा त्या जनावराच्या स्वभावातून फारसा आलेला नाही. तो मुख्यतः आला गाढवे पाळणाऱ्या माणसांकडे पाहण्याच्या नजरेतून. पुराव्यांचा माग काढत गेले की पुन्हा पुन्हा याच ठिकाणी येऊन पोहोचावे लागते.

आधी शब्दाविषयी. संस्कृत ‘गर्दभ’, त्याचे प्राकृत ‘गद्दभ’ आणि ‘गद्दह’, आणि मग मराठी ‘गाढव’, हिंदी ‘गधा’. शेवटचा ‘भ’ लक्षात घेण्यासारखा आहे. वृषभ, ऋषभ, शरभ, करभ, रासभ अशा कितीतरी प्राण्यांच्या नावांत तो दिसतो. म्हणजे नावाच्या घडणीत गाढव बैलाच्याच पंक्तीला बसलेले आहे. ‘खर’ हे दुसरे जुने नाव. फारसीतही गाढवाला ‘खर’च म्हणतात. रामायणात जनस्थानात, म्हणजे परंपरेने ज्याला आपण नाशिकचा परिसर मानतो तिथे, रामाशी लढलेल्या राक्षसाचे नावही खर आहे.

ऋग्वेदात गाढव दोन तऱ्हांनी भेटते. एका ठिकाणी कर्कश ओरडणाऱ्या गाढवाला मार, अशी इंद्राला विनवणी आहे. दुसऱ्या ठिकाणी घोड्याच्या पुढे गाढव नेत नाहीत, असे म्हटले आहे. आवाज वाईट आणि पायरी घोड्याच्या खालची, एवढेच आरोप. मूर्खपणाचा तिथे उल्लेख नाही. उलट ऐतरेय ब्राह्मणात देवांच्या शर्यतीची कथा आहे, आणि तीत अश्विनीकुमार गाढवांच्या रथात बसून जिंकतात. त्या धावेत गाढवाचा वेग कायमचा गेला, वीर्य मात्र तेवढे राहिले, असे ती कथा सांगते. अग्निचयनाच्या विधीत कुंडासाठी माती आणायला घोडा, गाढव आणि बोकड असे तीन पशू नेतात, आणि मातीचा भार गाढवाच्या पाठीवर देतात. सगळ्या पशूंत जास्त ओझे वाहणारा तो हाच, असे तैत्तिरीय संहितेत कारणही दिले आहे. मातीखाली चालणारे गाढव कुंभारवाड्यात आजही दिसते. इतक्या जुन्या ग्रंथात ते त्याच कामावर भेटावे, याचे मला फार अप्रूप वाटले.

मग स्मृतींचा काळ येतो आणि सूर बदलतो. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावे, फुटकी भांडी वापरावीत, असे नियम येतात. त्यांनी धन म्हणून काय बाळगावे, तेही तिथे सांगितले आहे : कुत्री आणि गाढवे. माझ्या दृष्टीने या सगळ्या कहाणीत याहून महत्त्वाचा उल्लेख नाही. कोणाकडे कोणते जनावर असावे हे ठरले, की त्या जनावराच्या नावाचा अर्थही ठरतो. गाय ज्याच्या दारात, त्याची प्रतिष्ठा गाईला मिळाली. गाढव ज्याच्या दारात, त्याची अवहेलना गाढवाला मिळाली. त्याच स्मृतीत काही अपराधांना गाढवावर बसवून फिरवण्याची शिक्षा आहे. आपली ‘गाढवावरून धिंड’ त्याच परंपरेतली. घोड्यावर बसून जाणे हा मान आणि गाढवावर बसून जाणे ही बेअब्रू. बसण्याची क्रिया तीच, जनावर बदलले की अर्थ उलटतो.

इथेच एका प्रसिद्ध म्हणीचा उगम असावा असे मला वाटते. ‘गाढवही गेले आणि ब्रह्मचर्यही गेले’ ही म्हण लोक हसत हसत, जरा आवाज खाली घेऊन वापरतात. तिच्यामागे एक चावट गोष्टही सांगितली जाते. पण धर्मशास्त्रात ब्रह्मचर्य मोडलेल्या विद्यार्थ्याला ‘अवकीर्णी’ म्हणतात, आणि त्याने रात्री चौरस्त्यावर निर्ऋतीला एकाक्ष गाढवाचा बळी द्यावा, त्याचे कातडे पांघरून सात घरी भिक्षा मागावी, असे प्रायश्चित्त सांगितले आहे. ब्रह्मचर्य आधीच गेलेले, प्रायश्चित्तात गाढवही गेले. म्हण या विधीवर नेमकी बसते. चावट गोष्ट नंतर कोणी तरी तिच्यामागे जोडली असावी. हा माझा तर्क आहे. दुसऱ्या प्रकरणात तो तपशिलाने मांडला आहे, वाचकाने तिथे तो पारखून घ्यावा.

आता दगडांकडे वळू. गधेगाळ हा शब्द आता बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतो, पण तो दगड जवळून पाहिलेले कमी. कोकणात, ठाणे-मुंबईच्या परिसरात, देशावर आणि गोव्यात हे दगड आढळतात. साधारण कंबरभर ते छातीभर उंचीची उभी शिळा. वर सूर्य आणि चंद्र, कधी त्यांच्यामध्ये कलश : चंद्रसूर्य असेपर्यंत हे दान चालावे, असा त्याचा अर्थ. मधल्या भागात लेख : कोणी, कोणाला, कुठली जमीन दिली, सीमा कुठवर. आणि तळाशी ते चित्र : खाली पडलेली स्त्री आणि तिच्यावर आलेले गाढव. ‘गाळ’ म्हणजे शिवी. जो कोणी हे दान मोडेल त्याच्या आईची ही गत होईल, अशी ती शिवी. बऱ्याच दगडांवर लेख नसतोच, फक्त चित्र असते. वाचता न येणाऱ्याला तेवढे पुरे होते.

परळ येथे सापडलेला शिलाहार राजा अपरादित्याचा इ.स. ११८७ चा लेख या बाबतीत फार बोलका आहे. शं. गो. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या ग्रंथामुळे तो मराठी अभ्यासकांच्या चांगला परिचयाचा आहे. दानाचा सगळा मजकूर संस्कृतात आहे. शेवटी, हे शासन मोडणाऱ्यावर वैद्यनाथाचा भाला सहकुटुंब पडो, असा शाप येतो, आणि लगेच गाढवाची गाळ येते. हे दोन्ही मराठीत आहेत. दान देताना राजा पंडितांच्या भाषेत बोलला. धाक घालायची वेळ आली तेव्हा तो लोकांच्या भाषेत आला. मराठीच्या अगदी आरंभीच्या लेखी वाक्यांत हे एक वाक्य आहे, आणि त्यात गाढव आहे. ते वाक्य मी पुस्तकात जसेच्या तसे दिले आहे. काही वाचकांना ते खटकेल, पण झाकून ठेवले तर या शब्दाचा इतिहासच झाकला जाईल.

मला त्या चित्रात आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती फार अस्वस्थ करते. गुन्हा करणार पुरुष, जमीन बळकावणार पुरुष, शिक्षा मात्र त्याच्या आईला. आजही आपल्या बहुतेक शिव्या याच वाटेने जातात. काही अभ्यासक तळातल्या स्त्रीला भूमीचे प्रतीक मानतात. मग अर्थ असा होतो की दान मोडलेस तर तुझी जमीन नापीक होईल. हा अर्थ लावला तरी चित्र पाहणाऱ्या गावकऱ्याला आधी काय दिसत असेल, हे वेगळे सांगायला नको.

पुढे लेख कोणाला वाचता येईनासे झाले. दगड मात्र वेशीवर, देवळाच्या आवारात, शेताच्या बांधावर उभेच राहिले. कुठे त्यांना शेंदूर लागला आणि नवस बोलले जाऊ लागले, कुठे अपशकुनी म्हणून त्यांना पालथे घातले. काही दगड पायरीला गेले, काही घराच्या पायात. गेल्या काही दशकांत हौशी आणि जाणत्या अशा दोन्ही तऱ्हेच्या अभ्यासकांनी गावोगाव फिरून त्यांच्या नोंदी केल्या, म्हणून आज निदान त्यांची मोजदाद करता येते. त्या मंडळींचे ऋण या पुस्तकावर मोठे आहे.

भूमीचा हा अर्थ खरा मानायला दुसरीकडून आधार मिळतो, तो नांगराचा. ‘गाढवाचा नांगर फिरवणे’ म्हणजे समूळ नासधूस करणे, हे मराठी वाचकाला सांगायला नको. आपल्या मनात त्याचा संबंध पुण्याशी आहे. इ.स. १६३० च्या सुमाराला आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळले, वस्तीवर गाढवाचा नांगर फिरवला आणि पहार ठोकून तिला फाटके खेटर बांधले, अशी हकिकत आपण लहानपणापासून ऐकतो. पुढे जिजाऊसाहेबांनी बाल शिवाजीच्या हातून सोन्याचा फाळ लावलेला नांगर त्याच भूमीवर फिरवला, हेही तितक्याच आवडीने ऐकतो. मात्र ही चाल मुरार जगदेवाने काढलेली नाही. भुवनेश्वरजवळच्या उदयगिरीवर हाथीगुंफेत कलिंगराजा खारवेलाचा प्राकृत लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. जिंकलेले पिथुंड नगर आपण ‘गदभनंगल’ लावून नांगरले, असे तो राजा त्यात सांगतो. ‘गदभनंगल’ म्हणजे गाढवाचा नांगर. तमिळमधल्या ‘पुरनानूरु’ या प्राचीन काव्यसंग्रहातही शत्रूच्या गावांत पांढऱ्या तोंडाची गाढवे जुंपून नांगर फिरवणाऱ्या पांड्य राजाचे वर्णन आहे. कलिंग, तमिळ देश आणि पुणे या तिन्ही ठिकाणी एकच भाषा आहे.

गाढवाला खऱ्या शेतीत आपल्याकडे कोणी जुंपत नाही. शेत बैलाने नांगरायचे, तेव्हा भूमी फळते. गाढवाने नांगरली तर ती फळू नये, असा त्या कृतीचा अर्थ. गधेगाळीच्या तळातले चित्र आणि नगरावर फिरलेला नांगर ही दोन्ही एकाच शापाची रूपे आहेत. या शापाच्या काळात गाढवाच्या नावात मूर्खपणापेक्षा वांझपणाची भीती जास्त होती. कोशांत हा अर्थ सापडत नाही. तो पुन्हा नोंदवला जावा, ही हे पुस्तक लिहिण्यामागची एक मोठी इच्छा होती.

मूर्खपणाचा अर्थ पक्का केला तो कथांनी. वाघाचे कातडे पांघरून शेत खाणारे आणि ओरडून मार ओढवून घेणारे गाढव, कोल्ह्याचे न ऐकता काकडीच्या शेतात गाणे म्हणणारे गाढव, सिंहाच्या तावडीतून सुटूनही परत जाणारे लंबकर्ण गाढव : पंचतंत्राने ही मालिकाच लावली. या सगळ्या गोष्टी सर्वांच्या परिचयाच्या आहेत, म्हणून त्यांवर मी फार पाने खर्च केलेली नाहीत. अपवाद हितोपदेशातल्या एका गोष्टीचा. परटाच्या घरात चोर शिरतो. कुत्रा गप्प राहतो, कारण मालक त्याला नीट खायला घालत नाही. गाढव मात्र मालकाचे नुकसान होऊ नये म्हणून ओरडते, आणि झोपमोड झाली म्हणून मालक उठून त्यालाच काठीने बडवतो. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसू नये, असे तात्पर्य ग्रंथकाराने काढले आहे. मला ते तात्पर्य कधीच पटलेले नाही. त्या घरात मालकाच्या हिताचा विचार गाढवाखेरीज कोणीच केला नव्हता.

‘वैशाखनंदन’ हे नावही संस्कृत पंडितांच्या थट्टेतूनच आले. वैशाखात रान वाळते. गाढव मागे वळून पाहते, गवत कुठेच दिसत नाही. एवढे सगळे आपणच खाल्ले, असे समजून ते खूश होते आणि म्हणून त्या दिवसांत पुष्ट होते, असे स्पष्टीकरण देतात. सुश्रुताने चंदनाचे ओझे वाहणाऱ्या गाढवाची उपमा दिली : ओझे कळते, चंदन कळत नाही. अर्थ न समजता पाठांतर करणाऱ्यासाठी ती इतकी चपखल ठरली की आजही ती वापरात आहे. ‘गाढवाला गुळाची चव काय’, ‘गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता’ या आपल्या म्हणी त्याच घराण्यातल्या. ‘गद्धेपंचविशी’ची तऱ्हा मात्र वेगळी. तारुण्यातल्या अविचाराला इतके नेमके आणि इतके क्षमाशील नाव दुसरे नसेल.

याच्या उलट बाजूचे पुरावेही आहेत, आणि ते कमी महत्त्वाचे नाहीत. चाणक्याच्या नावावर चालणाऱ्या नीतिश्लोकांत गाढवाकडून तीन गोष्टी शिकाव्यात असे आहे : थकल्यावरही भार वाहणे, थंडीऊन न बघणे आणि सदा समाधानी राहणे. देवी आणि गोवर यांची देवता शीतळादेवी गाढवावर बसते. मुंबईत माहीमला तिचे मंदिर आहे. जिच्या कोपाने पोरे दगावत, जिच्यापुढे सगळी गावे हात जोडत, तिने वाहन म्हणून हेच जनावर घ्यावे, याचा विचार व्हायला हवा. गाढविणीचे दूध चमच्याने मुलांना पाजायची चाल अजूनही आहे. गाढवीण घेऊन गल्लोगल्ली हिंडणारे लोक दारातच दूध काढून देतात. आणि संतांच्या बाजूने एकनाथांची कथा आहे. रामेश्वराला वाहण्यासाठी काशीहून आणलेले कावडीतले गंगाजल त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात घातले. ती कथा घडत असताना गाढव या नावाला समाजात कोणता अर्थ होता, हे वरच्या पानांवर आलेच आहे. तो डोळ्यापुढे ठेवला म्हणजे नाथांनी काय केले, ते कळते.

लोकनाट्यात गाढवाला न्याय मिळाला. हरिभाऊ वडगावकरांच्या ‘गाढवाचं लग्न’ या वगात दादू इंदुरीकरांनी सावळ्या कुंभार उभा केला आणि तो महाराष्ट्रभर गाजला. त्यातले गाढव म्हणजे शापित गंधर्व. विक्रमादित्याचा पिता गंधर्वसेन शापाने गाढव झाला होता, या जुन्या दंतकथेचे धागे त्यात आहेत. राजकन्येशी लग्न लागते ते कुंभाराच्या दारातल्या गाढवाचे, ही कल्पनाच त्या वगाचे बळ आहे.

कुंभार, परीट, बेलदार, वडार, कैकाडी, वैदू यांनी गाढवे पाळली, वागवली आणि त्यांच्यावर पोट भरले. पौष पौर्णिमेला जेजुरीला गाढवांचा बाजार भरतो, रंगपंचमीच्या सुमाराला पाथर्डी तालुक्यातल्या मढीला भरतो. खंडोबाच्या आणि कानिफनाथांच्या यात्रेला जोडूनच हे व्यवहार होतात. तिथे ‘गाढव’ ही शिवी नसते. तिथे गावरान आणि काठेवाडी असा भेद असतो, आणि काठेवाडीला भाव जास्त असतो. ओठ वर करून दात पाहतात आणि त्यावरून दुवान, चौवान, अखंड अशी वयाची नावे घेतात. पाठ हाताने दाबून बघतात, पाय उचलून खूर बघतात, दहा पावले चालवून बघतात. त्या बाजारात तासभर उभे राहिले तरी कळते की या लोकांपाशी गाढवासाठी एक सबंध वेगळी भाषा आहे, आणि ती आदराची नसली तरी जाणकारीची आहे.

गाढव हट्टी का दिसते, हेही ते सांगू शकतात. घोडा बिचकला की पळतो. गाढव बिचकले की जागीच थांबते आणि अंदाज घेते. आफ्रिकेच्या कोरड्या, खडकाळ मुलखात त्याचे पूर्वज वाढले. तिथे डोळे मिटून पळणाऱ्याचे पाय मोडले असते. ओळखीच्या वाटेवर मात्र त्याला हाकावे लागत नाही. वीटभट्टीवर गाढवांची रांग पाहावी. इकडे विटा उतरवल्या की ती आपणच वळतात, माणूस बरोबर नसताना भरायच्या जागी जाऊन उभी राहतात, पाठीवर विटा पडल्या की परत निघतात. आईच्या कडेला शिंगरू असते. त्याच्या पाठीवर काहीच नसते, पण दिवसभर तेही आईबरोबर तेवढ्याच खेपा घालते. ‘गाढव मेले ओझ्याने, शिंगरू मेले हेलपाट्याने’ ही म्हण असे कोणी तरी पाहिल्याशिवाय तयार झालेली नाही. ती करणाऱ्याने त्या जनावराकडे कणवेने पाहिले आहे, आणि स्वतःच्या पोराकडेही पाहिले असावे. ‘गाढवाला गुळाची चव काय’ म्हणणारा आणि ही म्हण करणारा एकाच गल्लीत राहत नव्हते.

२०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ३.२ लाख गाढवे होती. २०१९ च्या गणनेत ती सुमारे १.२ लाखांवर आली. सात वर्षांत साठ टक्क्यांहून अधिक घट. टेम्पो आणि ट्रॅक्टर आले, भट्ट्यांची पद्धत बदलली, धुण्याचे घाट ओस पडले. शिवीला याने काही धक्का लागणार नाही, तिला जनावराची गरज राहिलेली नाही. पण दुवान-चौवान हे शब्द, ओझे लादण्याच्या रीतीचे शब्द, चालीचे आणि खोडींचे शब्द जनावराबरोबरच जातील. ते कोणत्याही शिळेवर कोरलेले नाहीत. बाजारात, भट्टीवर आणि पालांवर ज्यांनी ते न कंटाळता सांगितले, पुन्हा विचारल्यावर पुन्हा सांगितले, त्यांचा मी ऋणी आहे.

म्हणींच्या मांडणीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. म्हणी वर्णानुक्रमे लावायचा प्रघात आहे. तो इथे मोडला आहे. ज्यांनी गाढव पाळले, लादले, त्याच्या शिंगरासकट उन्हात चालवले, त्यांच्या तोंडच्या म्हणी आधी घेतल्या आहेत. ज्यांनी ते रस्त्याने जाताना फक्त पाहिले, त्यांच्या नंतर.